खाकऱ्या काय म्हणाला

त्या वर्षी पाऊस नुसती हजेरी लावून गेला. विहिरींनी तळ दाखवला, ओढ्यातली वाळू तापायला लागली आणि गावाबाहेरच्या तळ्यात तेवढं कमरेइतकं पाणी उरलं. त्याच हिवाळ्यात म्हाताऱ्याचे कान गेले.

एका दिवसात गेले नाहीत. आधी तो रेडिओला दोष द्यायचा. बॅटऱ्या बदलून पाहिल्या, उन्हात ठेवून पाहिल्या, रेडिओच्या पाठीत धपाटेही घातले. शेवटी एका दुपारी त्याने रेडिओ एका कानाला लावला, मग दुसऱ्या कानाला लावला, आणि हळूच कोनाड्यात ठेवून सुनेला विचारलं, "सूनबाई, चालू आहे का गं हा?"

रेडिओ इतका बोंबलत होता की उंबऱ्यावरची कोंबडी केव्हाच पळाली होती.

"चालू आहे, मामंजी," सून म्हणाली.

म्हाताऱ्याने तिचे ओठ पाहिले, समजल्यासारखी मान हलवली आणि जाऊन चाकापाशी बसला.

घर दोर वळणाऱ्यांचं. सगळी गल्लीच त्यांची. फक्त तोंडाशी शिंप्याचं दुकान. गल्ली सुतात धरल्यासारखी सरळ, आणि मधली वाट सगळे मोकळी ठेवायचे, कारण दोराला लांबी लागते. म्हातारा एका टोकाला चाक फिरवायचा. सून कमरेला वाखाचा, घायपाताच्या तंतूंचा, झुबका बांधून, चाकाच्या आकड्यात तंतू अडकवून मागे मागे सरकायची. बोटांतून वाख सुटत जायचा, पीळ चढत जायचा, आणि दोर जसजसा लांब होईल तसतसा म्हातारा लहान दिसू लागायचा. लग्न होऊन आली तेव्हा ती मागे चालताना कशावरही आपटायची, पाटीवर, दगडावर, कुणाच्या सायकलवर. आता पाठीला डोळे फुटले होते. नवरा माळावरून घायपाताची पानं कापून आणायचा, तळ्यात कुजत घालायचा, मग लाकडी मोगरीने झोडपून त्यांचा वाख काढायचा. पानांच्या रसाने त्याचे हात कोपरापर्यंत लाल होऊन खाजत असत, आणि ओझी वाहून वाहून उजवा खांदा कायमचा उतरला होता.

सुनेचा आवाज मोठा होता. तो जन्मापासूनच तसा. आई म्हणायची, "हळू बोल गं, लोकांना वाटेल घराला आग लागली." लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा तिला बजावलं होतं, काही विचारलं तर मान हलव, तोंड उघडू नकोस. सासरी आल्यावर चार दिवस तिने निभावलं. मग एकदा दूध उतू गेलं, ती ओरडली, आणि गल्लीच्या पार तोंडाशी शिंप्याच्या हातून कात्री पडली. त्या दिवसापासून ती भोंगावहिनी झाली. लोक प्रेमानेच म्हणायचे, पण तिला ते कुसळासारखं टोचायचं. मग ती होता होईल तो बोलायचीच नाही.

रेडिओवर रोज दुपारी एक माणूस बोलायचा. देशात काय चाललंय, सरकारने काय केलं, काय करायला नको होतं, लोकांनी काय विचारायला हवं, असलं सगळं. बोलायच्या आधी तो घसा खाकरायचा म्हणून गल्लीत त्याला खाकऱ्या म्हणत. म्हातारा त्याला वर्षानुवर्षं ऐकत आला होता. बाकीच्यांना ते चऱ्हाट वाटायचं. खाकऱ्या लागला की लोक आपापल्या घरात पाणी प्यायला उठायचे.

दुसऱ्या दिवशी खाकऱ्या बोलून गेला तेव्हा म्हाताऱ्याने चाक थांबवलं. "काय म्हणाला?"

"काही नाही," सुनेने हाताने खूण केली.

"एवढा वेळ बोलला आणि काही नाही?"

म्हातारा चिडला नाही. चाक फिरवू लागला. पण जेवताना ताटातलं अर्धं तसंच ठेवून उठला, आणि सांजेला अंगणात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नुसती तोंडं बघत राहिला. तान्ह्याच्या हातातलं खेळणं काढून घ्यावं तसं आपण काहीतरी केलं, असं सुनेला वाटलं आणि ती स्वतःवरच खट्टू झाली.

म्हणून तिसऱ्या दिवशी तिने खाकऱ्याला पहिल्यांदा नीट ऐकलं. अर्धं डोक्यावरून गेलं, उरलेलं तिने गाठीला बांधलं. तंतू आकड्यात अडकवून ती म्हाताऱ्याच्या कानाशी सांगायला वाकली, पण दोर कुणासाठी थांबत नाही. चाक फिरलं की मागे सरकावंच लागतं. ती सरकत गेली, दोर लांबत गेला आणि आवाज चढत गेला. म्हातारा अर्धं आवाजावरून, अर्धं ओठांवरून समजून घेत होता.

"म्हणतो, कुठल्याशा शहराची निवडणूक पुढे ढकलली!"

"का?"

"तात्पुरती, म्हणे!"

"मग त्यावर खाकऱ्या काय म्हणाला?"

"म्हणाला, खुर्चीवरच्या माणसाच्या तोंडून 'तात्पुरतं' हा शब्द निघाला, की निजलेल्याने उठून बसावं!"

म्हातारा खदखदून हसला. आणि पाठीमागून आणखी कुणीतरी हसलं. सुनेने वळून पाहिलं. शिंपी दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, गळ्यात टेप, ओठांत टाचणी. पलीकडे शेजारची सुईण धान्य निवडता निवडता थांबली होती. गल्लीतली सगळी चाकं थांबली होती. म्हणजे आपण एवढ्या मोठ्याने बोललो! तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पुढचं वाक्य तिने गिळलंच.

"ऐकू येत नाही!" म्हातारा ओरडला.

"आम्हालाही नाही!" शेजारच्या चाकावरून कुणीतरी म्हणालं.

तिथून ते रोजचंच झालं. दुपार कलली की गल्ली कान टवकारायची. ज्यांच्या घरी रेडिओ होते तेसुद्धा रेडिओ बंद करून भोंगावहिनीची वाट बघायचे, कारण खाकऱ्या बोलायचा ते पुस्तकी आणि वहिनी सांगायची ते घरचं. शिंप्याला खाकऱ्या मुळीच पटत नसे. "एकाच कुशीवर झोपतो तो," तो मशीन चालवता चालवता ओरडायचा. "सरकारचीही काही बाजू असेल ना?" म्हातारा ओठांवरून त्याचं बोलणं ताडायचा आणि उलट ओरडायचा. मग कुणी शिंप्याच्या बाजूने, कुणी म्हाताऱ्याच्या. दोर वळताना पूर्वी कुणाच्या घरी काय शिजलं याच्या गप्पा व्हायच्या. आता न्यायालय कुणाचं ऐकतं, वर्तमानपत्रं का बंद पाडतात, सभेत प्रश्न विचारायचा हक्क कुणाला, यावर हातघाई व्हायची. सुईण कधी तोंड उघडत नसे. पण ती धान्य निवडायला नेमकी त्याच वेळी बसायला लागली.

एकदा सुनेने म्हाताऱ्याला विचारलं, "मामंजी, हा सांगतो ते सगळं खरं असतं का हो?"

"सगळं कसं असेल? पुष्कळदा चुकतो," म्हातारा म्हणाला. "पण तो बोलला की माझं डोकं चालायला लागतं. नुसतं त्याच्याशी भांडायला का होईना."

उन्हं तापायला लागली तसं तळ्याला तारेचं कुंपण पडलं आणि फाटकाला कुलूप लागलं. पाणी राखायचं आहे, असं गावमंडळाच्या अध्यक्षाने सांगितलं. लोकांनाही ते बरोबर वाटलं. मग थोड्याच दिवसांत कुंपणाच्या आत पंप बसला आणि त्याचा पाइप अध्यक्षाच्या मेहुण्याच्या बागेकडे गेला. हा मेहुणा म्हणजेच गल्लीतला सगळा दोर विकत घेणारा व्यापारी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशातली गत.

पानं कुजत घालायला जागा राहिली नाही. नवरा ती दूरच्या खाचरातल्या डबक्यात घालू लागला. तिथल्या गढूळ पाण्यात ती धड कुजत नसत, वाख काळपट निघे, आणि त्याच्या हातांवर फोड उठत. तरी त्याने दोर वळून घेतला, वेटोळी खांद्यावर टाकली आणि व्यापाऱ्याकडे नेली.

व्यापाऱ्याने वेटोळं नखाने उकललं. "काळा आहे."

"तळं बंद आहे ना," नवरा म्हणाला. "डबक्यातला वाख असाच निघतो."

"ते मला काय सांगतोस?" व्यापाऱ्याने वेटोळं जमिनीवर टाकलं, पायाने बाजूला सारलं. दुकानात आणखी माणसं होती. ती दुसरीकडे बघायला लागली. "तुमच्या घरात बोलण्याचा दोर फार लांब व्हायला लागलाय म्हणे. आधी तो आखूड करा, मग हा घेऊन या."

नवऱ्याने खाली वाकून वेटोळं उचललं. उतरलेल्या खांद्यामुळे ते दोनदा निसटलं. कुणी हात लावला नाही.

घरी येऊन तो उंबऱ्यातच बसला. पाणी दिलं ते प्याला नाही. "उद्यापासून कानाशी जाऊन सांग," तो बायकोकडे न बघता म्हणाला. "नाहीतर सांगूच नको."

"मामंजींना कानाशी हळू बोललेलं ऐकू येत नाही."

"मग नको सांगू. पोट आधी की खाकऱ्या आधी?"

दुसऱ्या दिवशी ती खाली मान घालून मागे मागे सरकत राहिली. म्हाताऱ्याने विचारलं, तिने मान हलवली. गल्ली वाट बघून बघून आपापल्या कामाला लागली. शिंपी संध्याकाळी दारात आला, उगीचच टेप गुंडाळत उभा राहिला. "वहिनी, आजची दुपार काही सरली नाही हो," एवढंच म्हणाला आणि गेला.

ती सांगत नव्हती, पण ऐकायची तिला सवय लागली होती. आवाज बारीक करून ती रेडिओ लावायची. असाच एकदा लावला, तर खाकरणं आलंच नाही. गाणं लागलं. मग दुसरं गाणं. तिला वाटलं, आज आजारी असेल. दुसऱ्या दिवशीही गाणी. त्यानंतरही गाणी, आणि मध्ये एक गोड आवाज: आता रोज याच वेळी ऐका मधुर गीतं. खाकऱ्याचं नावही कुणी घेतलं नाही. एवढी वर्षं रोज बोलणारा माणूस, आणि पाण्यावरची रेघ मिटावी तसा मिटला.

ती बाहेर आली. तंतू आकड्यात अडकवला. म्हाताऱ्याने तिचा चेहरा पाहिला आणि चाकाला हातच लावला नाही.

"काय म्हणाला?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो बाजूला बसून पानं झोडपत होता, ठक् ठक्. तिने श्वास घेतला.

"मामंजी, तो नाही! त्याच्या जागी गाणी लावलीत!"

किती दिवसांनी तो आवाज गल्लीतून गेला. चाकं थांबली. शिंप्याचं मशीन थांबलं.

"काढला त्याला?" म्हातारा म्हणाला.

"माहीत नाही!"

म्हाताऱ्याची बोटं चाकाच्या दांड्यावर उगीच फिरत होती. मग म्हणाला, "तर मग तू सांग."

"मी काय सांगू?"

"डोळे आहेत ना तुला? दिसतं ते सांग."

ठक् ठक् थांबलं. नवऱ्याने मोगरी हातात धरली होती. आता हा ओरडणार, असं तिला वाटलं. त्याने मोगरी हळूच जमिनीवर आडवी ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसला. तिचा आवाज बुडू नये म्हणून त्याने काम थांबवलं होतं. हे ध्यानात यायला तिला क्षणभर लागलं.

म्हाताऱ्याने चाक फिरवलं. ती मागे सरकू लागली.

"आपल्या गावमंडळाची मुदत गेल्या पावसाळ्यात संपली, मामंजी! निवडणूक दुष्काळामुळे ढकलली म्हणतात! दुष्काळात पाणी आटतं, मत कशाला आटेल?" तिची जीभ अडखळत होती, आवाज मात्र अडखळत नव्हता. "तळ्याला कुलूप लागलं! कुणाला विचारून लावलं? मला कुणी विचारलं नाही! पण मीही कुणाला विचारलं नाही! राजधानीत कुणाचं काय चुकलं ते आपण इथे बसून रोज सांगतो, आणि आपल्या तळ्यात पंप बसला तो दिवसही आपल्याला आठवत नाही! सभा लागते तेव्हा आपण म्हणतो, कामं आहेत! मग पुढे बसणारी दहा माणसं हात वर करतात आणि ते सगळ्या गावाचे हात होतात!"

ती गल्लीच्या टोकाला पोचली होती. मागे शिंप्याच्या दुकानाची भिंत होती, आणखी सरकायला जागा नव्हती. कुणी हसलं नाही, कुणी शाबासकी दिली नाही. दोन्ही बाजूंना माणसं आपापल्या दारात उभी होती, ओळखीचीच, रोजची. पण आपल्या एका आवाजाने एवढी माणसं अशी गप्प उभी राहू शकतात, हे तिने जन्मात पाहिलं नव्हतं. ज्या आवाजाची तिला जन्मभर लाज वाटली, तो हाच. ती त्याच्याकडे अशी बघत होती जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

त्या दिवशीचा दोर एके ठिकाणी जाड, एके ठिकाणी बारीक झाला. म्हाताऱ्याने तो हातातून ओढून पाहिला आणि घरच्या बादलीला बांधला.

पुढचे दिवस शिंपी रोज मंडळाच्या कचेरीवरून चक्कर मारून येऊ लागला. एका सकाळी तो धापा टाकत आला. "नोटीस लागली! दाराच्या आतल्या बाजूला, दार उघडं टाकलं की भिंतीआड जाते अशी. उद्या भर दुपारी सभा, शाळेच्या पटांगणात. मंडळाला मुदतवाढ. हात वर करून."

"भर दुपारी कोण जाणार?" नवरा म्हणाला.

"म्हणून तर दुपारी!" शिंपी म्हणाला. मग जरा वरमून, "खाकऱ्या हेच सांगायचा म्हणा. मी उगाच भांडायचो त्याच्याशी."

"उगाच नाही," सून म्हणाली. "तुम्ही भांडलात म्हणून आम्ही ऐकलं."

सभेच्या दिवशी ऊन असं होतं की पटांगणातली माती पायाला चावत होती. अध्यक्ष मंडपाखाली टेबलाशी बसला होता, शेजारी त्याचा मेहुणा, पुढच्या बाकांवर त्यांची माणसं. बाकीचं पटांगण रिकामं राहणार, असं ते धरून चालले होते. मग फाटकातून म्हातारा आत आला, सुनेच्या हाताला धरून. मागून नवरा, शिंपी, सुईण, आणि सगळी गल्ली, वाखाच्या कुसांनी माखलेली. त्यांच्या मागून कुंभाराच्या आळीतले लोक, वीटभट्टीवरचे, धोब्यांची बायकापोरं. गल्लीतला आवाज कुठपर्यंत गेला होता ते सुनेला तिथे कळलं. ती मागे वळून बघत राहिली. माणसं येतच होती. सावली केव्हाच संपली होती, तरी येत होती, उन्हात उभी राहत होती.

अध्यक्षाने घाम पुसला आणि कागद तोंडासमोर धरून भरभर, दाढीतल्या दाढीत वाचायला सुरुवात केली. "सद्यःस्थितीचा विचार करता विद्यमान मंडळाच्या कार्यकाळास योग्य ती वाढ देण्याबाबतचा प्रस्ताव..."

मागच्यांना काही ऐकू येईना. लोक एकमेकांकडे बघू लागले.

"काय म्हणाला?" म्हातारा मोठ्याने म्हणाला.

सून दचकली. मग सवयीनेच तिचं तोंड उघडलं. "म्हणतायत, मुदत संपलीय, पण आम्ही उठणार नाही!"

पटांगणाच्या पार शेवटच्या भिंतीपर्यंत ते गेलं. हशा पिकला. अध्यक्षाने कागद खाली घेतला. "बाई, सभेत मध्ये बोलायचं नाही."

"मी मध्ये बोलत नाही," ती म्हणाली. "मामंजींना ऐकू येत नाही. त्यांना सांगते."

"मग त्यांना घरी ठेवायचं होतं," मेहुणा म्हणाला.

"काय म्हणाला?"

"म्हणतायत, तुम्हाला घरी ठेवायला हवं होतं!"

म्हातारा काठीवर जोर देऊन उभा राहिला. "मी या गावचा मतदार आहे," तो म्हणाला. बहिऱ्या माणसासारखाच, अंदाज नसल्याने फार मोठ्याने. "मला समजेपर्यंत सभा पुढे जाणार नाही."

"बरोबर आहे!" मागून कुणीतरी म्हणालं. "आम्हालाही समजू दे!"

मग काय, अध्यक्ष एक वाक्य वाचायचा आणि सून ते सगळ्यांना समजेल असं सांगायची. ती वाढवून सांगत नव्हती, तिखटमीठ लावत नव्हती. दुष्काळ मोठा आहे, असं अध्यक्ष म्हणाला, तेव्हा तिने तेही तसंच सांगितलं, कारण ते खरंच होतं. निवडणुकीला खर्च येतो, तेही सांगितलं. शेवटी अध्यक्ष घायकुतीला आला, कागद टेबलावर टाकून म्हणाला, "अहो, कशाला एवढा बाऊ करता? ही सगळी व्यवस्था तात्पुरती आहे!"

सुनेने तोंड उघडलंच नाही. गरजच पडली नाही. सबंध पटांगणातून एक हुंकार उठला, ढग गडगडावा तसा, आणि जी माणसं कंटाळून खाली बसली होती ती एकेक करून उठून उभी राहिली. अध्यक्षाला कळेना, आपण असं काय बोललो.

"मुदतवाढ द्यावी असं म्हणणाऱ्यांनी हात वर करा," त्याचा कारकून घाईने म्हणाला. पुढच्या बाकांवरचे हात वर गेले.

"विरोधात?"

काही हललं नाही. मेहुणा टेबलाशेजारी उभा राहून एकेकाचा चेहरा न्याहाळत होता. यातल्या किती जणांचा दोर तो घ्यायचा, किती जणांच्या विटा त्याच्या गाडीतून जायच्या. ऊन डोक्यावर होतं. सुनेला वाटलं, संपलं. नुसतं ऐकायला जमली माणसं.

तेवढ्यात शेजारून एक हात वर गेला. सुईणीचा. जन्मभर न बोललेल्या बाईचा, सुरकुतलेला, बोटं वाकडी झालेला हात. गावातलं निम्मं माणूस त्या हातांत पहिल्यांदा रडलं होतं. मेहुणासुद्धा. त्याने मान खाली घातली. मग शिंप्याचा हात गेला. मग भट्टीवरच्यांचे, आगीने भाजलेले. कुंभारांचे. घायपाताने सोललेले, फोड आलेले, चिरा पडलेले हात, इथून तिथून, भिंतीपर्यंत. माळावर एका रात्रीत अंकुर यावेत तसे. सुनेने स्वतःचा हात केव्हा वर केला ते तिलाच कळलं नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा उतरलेला खांदा वर जाईना, म्हणून त्याने डाव्या हाताने उजवं कोपर धरून तो हात वर ढकलला होता आणि दात आवळून तसाच धरून ठेवला होता.

मामंजींना सांगावं म्हणून ती वळली, पण आवाज फुटेना.

"राहू दे, सूनबाई," म्हातारा म्हणाला. त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. "दिसतंय मला."

निवडणूक झाली. तिची गोष्ट वेगळी, आणि सगळीच काही गोड नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसा मेहुणा शेवटपर्यंत दारोदार फिरला, आणि निवडणुकीनंतरही त्याने बरेच दिवस गल्लीचा दोर घेतला नाही. नवऱ्याला वेटोळी घेऊन पार पलीकडच्या बाजाराला जावं लागलं. पण तळ्याचं फाटक निघालं, पंप निघाला. शिंपी अध्यक्ष झाला. लोक आधी सुनेकडेच आले होते, वहिनी, तुम्ही उभ्या राहा म्हणून. तिने हात जोडले. "मी खुर्चीत बसले तर खुर्चीविषयी सांगणार कोण?"

नव्या मंडळाची पहिली सभा भरली तेव्हा म्हातारा तापाने अंथरुणावर होता. सून एकटीच गेली, नवऱ्याशेजारी बसली. शिंप्याने स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायला सुरुवात केली. कामं किती पडली आहेत ते सांगितलं. माणूस आपला होता, खरंच राबत होता. लोक माना डोलवत होते. मग तो म्हणाला, "आणखी एक. नियमाप्रमाणे दर महिन्याला सभा घेण्यात सगळ्यांचा दिवस मोडतो. तुमचा आमच्यावर विश्वास आहेच. तर यापुढे वर्षातून एकदाच भेटू. चालेल ना?"

"चालेल, चालेल," पुढून आवाज आले.

सुनेने मान वर करून शिंप्याकडे पाहिलं. आपलाच माणूस. रोज दारात येऊन चहा पिणारा. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या मनात काय आहे ते ओळखून हलकेच मान हलवली, नको म्हणून. ती क्षणभर बसून राहिली. आज मामंजी नव्हते. त्यांना सांगते, असं म्हणायची सोय नव्हती. जे बोलायचं ते आपलंच म्हणून बोलायला हवं होतं.

ती उभी राहिली.

"मला काही विचारायचं आहे," ती म्हणाली. आवाज बारीक निघाला, तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच इतका बारीक. पण पटांगणात कुणी खोकलंसुद्धा नाही. माणसं वळली, पुढची, मागची, भिंतीपाशी उभी असलेली. तो आवाज चढवायची गरजच उरली नव्हती.

शिंप्याचा चेहरा आधी उतरला. मग त्याने गळ्यातला टेप काढून टेबलावर ठेवला, खुर्ची मागे सरकवली आणि उभा राहिला.

"विचारा, वहिनी," तो म्हणाला.